दोनशे डॉलरचा माणूस

जेम्स मॅनगोल्ड यांचा '३:१० टू युमा' २००७ साली झळकला तेव्हापासून त्याच्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो शेवटाबद्दलचा आहे. बेन वेड हा नामचीन दरोडेखोर. त्याला सोडवायला त्याची टोळी सगळं गाव वेठीला धरून बसलेली. सुटका हाताशी आलेली असताना हा माणूस पिस्तूल उचलतो, आपल्याच साथीदारांना एकामागून एक आडवं करतो आणि फासाकडे नेणाऱ्या रेल्वेच्या डब्यात आपणहून चढून बसतो. असं कुणी करेल का, हा प्रश्न विचारणाऱ्यांत वेस्टर्नचे जुने जाणकार आहेत आणि हा प्रकार पहिल्यांदाच पाहणारेही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की दोन तास चांगल्या-वाईटाचा निवाडा टाळत आलेल्या चित्रपटाने ऐनवेळी कच खाल्ली आणि खलनायकाला पश्चात्ताप झाल्याचं दाखवून प्रेक्षकाला खूश करून घरी पाठवलं. मला हा आक्षेप भलत्याच जागी बोट ठेवणारा वाटतो. वेडला पश्चात्ताप झाल्याचा एकही पुरावा चित्रपटात नाही, आणि रसेल क्रो यांनी तो कुठे दिसू नये याची पहिल्या दृश्यापासून काळजी घेतली आहे. या चित्रपटातला खरा नैतिक पेच वेडला युमाच्या गाडीपर्यंत पोचवणाऱ्या डॅन इव्हान्स या शेतकऱ्याच्या बाजूला आहे, म्हणजे ज्याला आपण काही न विचारता चांगला माणूस समजून चालतो त्याच्या बाजूला. तो पेच पटकथेत आहेच, पण तो पुरता उकलतो नटांच्या कामातून, आणि म्हणूनच हा रिमेक करण्याला अर्थ होता.

मूळ गोष्ट अगदी छोटी आहे. एल्मोर लेनर्ड यांची ही कथा मार्च १९५३ मध्ये 'डाइम वेस्टर्न मॅगझिन' या स्वस्त साहसकथांच्या मासिकात आली. तिच्यात शेतकरी नाहीच. पॉल स्कॅलन नावाचा डेप्युटी मार्शल, जिम किड नावाचा कैदी, अॅरिझोनातल्या काँटेन्शन गावच्या हॉटेलातली एक खोली आणि तिथून स्टेशनपर्यंतची वाट, एवढाच ऐवज. स्कॅलनचा पगार महिना १५० डॉलर. तेवढ्यासाठी जीव कशाला घालवतोस, हा किडचा सवाल. डेलमर डेव्हज यांनी १९५७ साली हॅल्स्टेड वेल्स यांच्या पटकथेवरून चित्रपट केला तेव्हा मार्शलच्या जागी शेतकरी आला आणि कथेचं वजन एकदम वाढलं. मार्शलला हे काम नेमून दिलेलं असतं. शेतकऱ्याला ते टाळता येतं, आणि टाळता येण्याजोगं काम अंगावर घेणाऱ्याला 'का?' हे विचारावंच लागतं. अमेरिकेच्या सीमाभागातल्या कथांचा कणा बंदूकवाला नसून जमिनीला चिकटून राहिलेलं कुटुंब असतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिश्टर यांच्या कादंबऱ्यांचे 'रान', 'शिवार', 'गाव' हे अनुवाद करून ते केव्हाच आपल्यापर्यंत आणलं आहे. तिथे ओहायोचं घनदाट जंगल आहे आणि इथे अॅरिझोनाचा रखरखाट, पण तगून राहण्याची चिवट धडपड तीच.

डेव्हज यांचा चित्रपट कृष्णधवल आणि जेमतेम दीड तासाचा आहे. त्यात ग्लेन फोर्ड वेड झाले, व्हॅन हेफ्लिन इव्हान्स. हेफ्लिन यांनी १९५३ च्या 'शेन'मध्येही पाठीशी बायकामुलं असलेला शेतकरीच केला होता, त्यामुळे त्यांचा तो जाड, थकलेला चेहरा प्रेक्षकाच्या ओळखीचा होता. फोर्ड मात्र बहुधा नायकाच्या भूमिकांत दिसणारे, आणि डेव्हज यांनी त्यांची तीच सौम्यता खलनायकाला दिली. हॉटेलची खोली हे या चित्रपटाचं काळीज आहे. एक माणूस खिडकीशी बंदूक धरून घामाने निथळतोय, दुसरा पलंगावर आरामात लोळत त्याला रक्कम वाढवून वाढवून सांगतोय, आणि खाली रस्त्यावर टोळी जमत चालली आहे. दोन नटांना एकमेकांसमोर बसवून नुसत्या आवाजाच्या चढउतारावर इतका ताण उभा केल्याची उदाहरणं वेस्टर्नमध्ये फार नाहीत. २००७ च्या चित्रपटातला याच खोलीतला प्रवेश मूळच्या तोडीचा झालेला नाही, हे मान्य करायला हवं. पण १९५७ चा इव्हान्स शेवटी ज्या कारणासाठी उठतो ते कारण मला फार सोयीचं वाटतं. गावातला दारुडा अॅलेक्स पॉटर टोळीच्या हातून मरतो, आणि माणसांना शांततेने जगता यावं म्हणून एका दारुड्याने जीव दिला तर मला मागे हटता येणार नाही, असं इव्हान्स बायकोला सांगतो. या वाक्यापाशी वेडला गाडीपर्यंत पोचवण्याबद्दल मिळणाऱ्या दोनशे डॉलरची त्याच्या मनातली लालूच धुऊन निघते. पुढे वेड त्याच्यासोबत गाडीत उडी घेतो. हॉटेलात सूड घ्यायला आलेल्या एकापासून इव्हान्सने त्याला वाचवलेलं असतं आणि त्याला कुणाचं देणं ठेवायचं नसतं. वर पाऊसही पडतो. त्या काळी हॉलिवूडवर 'प्रॉडक्शन कोड'चा अंमल होता आणि गुन्हेगार सुखरूप निसटलेला दाखवणं त्यात बसत नसे. वेडने गाडीत चढणं ही नियमांचीही गरज होती. २००७ मध्ये अशी सक्ती उरलेली नव्हती, तरी मॅनगोल्ड यांनी वेडला गाडीत चढवलं. म्हणजे ते त्यांना मनापासून हवं होतं, आणि त्याची कारणं त्यांच्या इव्हान्समध्ये शोधावी लागतात.

या इव्हान्सचा एक पाय यादवी युद्धात गेला आहे. मॅसॅच्युसेट्समधून तो अॅरिझोनात आला तो धाकट्या मुलाच्या क्षयाला कोरडी हवा मानवेल म्हणून. पाऊस नाही, डोक्यावर कर्ज, आणि सावकार हॉलंडर याने वरच्या अंगाला पाणी अडवलेलं. आपल्याकडच्या वाचकाला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. पण मॅनगोल्ड एक पाऊल पुढे जातात. हॉलंडरला जमीन रिकामी हवी आहे, कारण तिच्यावरून रेल्वे जाणार आहे. वेडने लुटलेला पैसा त्याच सदर्न पॅसिफिक कंपनीचा, आणि वेडला गाडीपर्यंत पोचवण्यासाठी इव्हान्सला दोनशे डॉलर देऊ करणारा बटरफिल्ड त्याच कंपनीचा माणूस. ज्या रेल्वेपायी शेतकऱ्याची शेती चालली आहे, तिच्याच तिजोरीच्या रक्षणाला तो उभा राहतो. बटरफिल्ड वेडच्या गुन्ह्यांची यादी वाचतो तेव्हा त्यात कंपनीचं झालेलं नुकसान असतं. आपण घेतलेल्या जिवांचा उल्लेख या यादीत नाही, याकडे लक्ष वेधतो तो खुद्द वेड. हा संवाद क्रो हसत हसत म्हणतात आणि आपल्यालाही हसू येतं, पण कायद्याच्या बाजूची नैतिक बैठक तिथे कायमची डळमळते. वेडला पोचवणं हे न्यायाचं काम आहे, असं इथून पुढे निःशंकपणे म्हणता येत नाही. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेसाठी काम करणारा मॅकएल्रॉय (पीटर फोंडा यांनी त्याला वाळक्या लाकडासारखं टणक केलं आहे) स्वतःला कायद्याचा माणूस म्हणवतो, आणि त्याने अपाचे बायकामुलं मारल्याचं वेड चारचौघांत बोलून दाखवतो.

इव्हान्स हे काम का घेतो? ख्रिश्चन बेल यांचं मोठेपण असं, की ते या प्रश्नाला एकच उत्तर ठरून जाऊ देत नाहीत. सुरुवातीला उत्तर पैसा हेच आहे, आणि त्यात लपवाछपवी नाही. वेडने त्याची गुरं अडवली, वेळ घालवला, म्हणून तो दरोडेखोराकडेही भरपाई मागतो आणि वेडने मोजून दिलेले डॉलर खिशात घालतो. त्याच बोलण्यात गुंतवून त्याला पकडूनही देतो. इतक्या गरजू माणसाच्या हातून हे घडताना बेल डोळे वर करत नाहीत. त्यांचं लंगडणं दयेसाठी हात पसरत नाही, उलट ते लंगडणं दिसू नये याची धडपडच सतत दिसत राहते. घरी बायकोशी, अॅलिसशी, बोलताना नजर तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी असते. थोरला विल्यम, स्वस्त साहसकथा वाचणारा, बापाकडे तिरस्काराने पाहतो आणि वेडकडे कौतुकाने. बेल यांना ते जाणवतं आणि त्यांचा आवाज आणखी खाली जातो. मग बटरफिल्ड कच खातो, काँटेन्शनचा मार्शल आणि त्याची माणसं बंदुका टाकून बाहेर पडतात, पैसे तरीही देतो पण हे सोडून दे असं इव्हान्सला सांगितलं जातं. इथे पैशाचं कारण संपलेलं असतं. तरी तो सोडत नाही, आणि सोडत नाही तर फुकटही करत नाही. तो नवा सौदा मांडतो: विल्यमला सुखरूप घरी न्यायचं, हॉलंडरने पुन्हा वाटेला जायचं नाही, पाणी सोडायचं, आणि अॅलिसच्या हातात १००० डॉलर द्यायचे. हे सांगणारा चेहरा हुतात्म्याचा नाही, बाजारात उभं राहून शेवटची वस्तू विकणाऱ्याचा आहे.

पुढे काँटेन्शनमध्ये स्टेशनकडे पळताना एका झोपडीत वेड त्याला खाली पाडतो, गळा आवळतो, आणि त्या अवस्थेत इव्हान्स पायाची खरी हकिगत सांगतो. तो पाय लढताना गेला नाही. माघार घेताना आपल्याच एका माणसाची गोळी लागली, आणि ही गोष्ट मुलाला कशी सांगायची हे त्याला कळत नाही. सरकारने त्या पायाबद्दल १९८ डॉलर ३६ सेंट दिले होते, हा आकडा त्याने त्याआधीच वेडसमोर सांगितलेला आहे. म्हणजे सरकारने पायाची किंमत केली ती १९८ डॉलर ३६ सेंट आणि रेल्वे कंपनीने जिवाची केली ती २००. फरक १ डॉलर ६४ सेंटचा. इव्हान्सला आयुष्यात एकदा तरी अशी गोष्ट करायची आहे जी मुलाला न खोटं बोलता सांगता येईल. हे उदात्त आहे का? आहे, पण निखळ नाही. यात आत्मसन्मान आहे, मुलाच्या नजरेतली जागा परत मिळवण्याची हाव आहे, आणि एक मोठा हिशेब चुकता करण्याचा हट्टही आहे. बेल हे तिन्ही धागे वेगळे होऊ देत नाहीत. त्या झोपडीतल्या अंधारात त्यांचा आवाज विनवणीचा आहे की रागाचा, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता वेड. क्रो यांनी त्याला रंगवताना केलेली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे तो बदलत नाही. पहिल्या दरोड्यात त्याच्या टोळीतल्या एकाला घोडागाडीतला रक्षक ओलीस धरतो, आणि वेड क्षणभरही न थांबता दोघांनाही गोळी घालतो. निष्काळजीपणामुळे टोळी अडचणीत आणली, ही त्या साथीदाराची शिक्षा. या गोळीबाराचं मूळ १९५७ च्या चित्रपटातही आहे, पण क्रो यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी स्वस्थता आहे तीच मला शेवटच्या दृश्यात दिसते. आपल्या माणसांना मारणं वेडच्या स्वभावाबाहेरचं आहे, असं म्हणणाऱ्याने पहिली वीस मिनिटं विसरलेली असतात. इव्हान्सच्या घरी जेवताना तो अॅलिसशी मृदू आवाजात बोलतो, आणि त्याच जेवणातला काटा पुढे एका रात्री हॉलंडरच्या टकर नावाच्या माणसाच्या गळ्यात खुपसतो. मॅकएल्रॉयने आईचा उद्धार करताच त्याला कड्यावरून ढकलून देतो. हातात वही असते, पक्ष्याचं चित्र काढतो, बायबलमधली 'नीतिसूत्रे' तोंडपाठ म्हणतो, आणि या कशाचाही त्याच्या खुनांशी विरोध आहे असं क्रो भासवत नाहीत. रसिकता एका कप्प्यात आणि क्रौर्य दुसऱ्या, अशी सोयीची वाटणी त्यांनी केलेली नाही. एकच शांत, निरीक्षण करणारा माणूस दोन्ही करतो.

वेडचा एकच सिद्धांत आहे: प्रत्येकाचा भाव ठरलेला असतो. आणि चित्रपट पावलोपावली त्याला बरोबर ठरवतो. मार्शल जातो, बटरफिल्ड जातो. वेडचा उजवा हात चार्ली प्रिन्स काँटेन्शनच्या रस्त्यात उभा राहून पुकारतो, की वेडला धरून ठेवणाऱ्यांपैकी कुणाला माराल तर दोनशे डॉलर. ही तीच रक्कम, जी इव्हान्सला वेडला पोचवण्यासाठी मिळणार होती. तेवढ्यावर गावातली साधी माणसं बंदुका घेऊन खिडक्यांशी येतात. या बाजारात विकला न गेलेला, किंवा स्वतःचा भाव स्वतः ठरवणारा, एकच माणूस वेडला भेटतो. गळा आवळलेले हात तो सैल करतो ते याच्यामुळे. मग दोघं खांद्याला खांदा लावून स्टेशनकडे धावतात, आणि तिथे क्रो यांच्या चेहऱ्यावर चक्क मजा दिसते. प्रिन्स इव्हान्सला पाठीमागून गोळ्या घालतो. वेड थांब म्हणून ओरडलेला असतो, पण प्रिन्स थांबत नाही. त्यानंतर वेड जे करतो तो संताप आहे. त्याला सापडलेला एकमेव अपवाद ज्यांनी मारला, त्यांना तो मारतो. यात धर्म नाही, न्याय नाही, पश्चात्ताप तर मुळीच नाही. त्याच्या पिस्तुलाच्या मुठीवर क्रूस आहे आणि तो त्या क्रूसाकडे बघूनच गोळ्या झाडतो.

बेन फॉस्टर यांच्या प्रिन्सशिवाय हे उभं राहिलं नसतं. हा माणूस वेडवर जीव ओवाळून टाकणारा आहे. वेडला शोधताना एका माणसाला गाडीत कोंडून जिवंत जाळायला त्याला काही वाटत नाही. फॉस्टर यांनी त्याला आततायी गुंड केलं असतं तर शेवटी त्याचा मृत्यू पाहून प्रेक्षक निवांत झाला असता. त्यांनी त्याला निष्ठावंत केलं. स्टेशनात तो मोठ्या अदबीने वेडचं पिस्तूल वेडच्या हातात देतो, आणि त्याच पिस्तुलाची गोळी लागल्यावर त्याच्या डोळ्यांत जी अवाक वेदना येते, ती या चित्रपटातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. निष्ठा हा गुण असेल तर चित्रपटातला सर्वाधिक गुणी माणूस प्रिन्स ठरतो. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने, स्क्रीन अॅक्टर्स गिल्डने, या चित्रपटाला एकत्रित अभिनयासाठी नामांकन दिलं होतं. फॉस्टर यांना एकट्याने जो मान मिळायला हवा होता तो मात्र त्यांना मिळाला नाही, असं माझं मत आहे.

एक गंभीर आक्षेप उरतो. क्रो इतके मोहक आहेत, की खुन्याबद्दल प्रेम वाटू लागतं आणि चित्रपट त्याच्या गुन्ह्यांवर पांघरूण घालतो. आठ वर्षांचा असताना आईने बायबल हातात देऊन स्टेशनात बसवलं आणि ती परतलीच नाही, ही हकिगत वेड सांगतो तेव्हा हा आक्षेप जोर धरतो. पण ती सांगताना क्रो सहानुभूतीचा एकही कण मागत नाहीत. ती एक तपशील म्हणून ऐकवतात, आणि तिला दुजोरा देणारं दुसरं काही चित्रपट पुरवतही नाही. शिवाय मोहकपणाची किंमत चित्रपट विल्यमकडून वसूल करतो. तुम्ही दिसता तितके वाईट नाही, असं हा मुलगा वेडला म्हणून बसतो आणि वेड त्याला निक्षून सांगतो, की मी वाईटच आहे. बाप मेल्यावर तोच विल्यम वेडवर पिस्तूल रोखतो आणि खाली घेतो. प्रेक्षकालाही तेव्हा नेमकं काय हवं असतं हे सांगता येत नाही. याला मी पांघरूण म्हणणार नाही.

रिमेकमध्ये दोष आहेत आणि ते लहान नाहीत. बिझ्बी ते काँटेन्शन हा प्रवास वाढवताना मॅनगोल्ड यांनी रात्रीच्या अंधारातून हल्ला करणारे अपाचे आणले आहेत, ज्यांना ना चेहरा आहे ना बोलणं. मॅकएल्रॉयच्या कत्तलीचा जाब विचारणाऱ्या चित्रपटाने त्याच माणसांना सावल्यांसारखं वापरावं, हे खटकतं. १९५० सालीच 'ब्रोकन अॅरो' करून अपाचेंना माणूस म्हणून पडद्यावर आणणाऱ्या डेव्हज यांच्या चित्रपटाच्या रिमेकमध्ये तर जास्तच. रेल्वेचं बोगद्याचं काम करणारे चिनी मजूर दिसतात, पण तेही निसटायच्या पळापळीची पार्श्वभूमी होऊन राहतात. आणि अॅलिसचं काय? जुन्या चित्रपटात लिओरा डेना यांची अॅलिस थेट काँटेन्शनपर्यंत येते आणि नवऱ्याला परत चल म्हणते. ग्रेचेन मॉल यांची अॅलिस घरीच राहते. जी बाई विधवा होणार आहे तिला या सौद्यात बोलायची संधी मिळत नाही. हा पटकथेतला सरळ उणेपणा आहे; तिला आणलं असतं तर इव्हान्सच्या हट्टाची दुसरी बाजू आणखी बोचरी झाली असती.

तरीही शेवटाचा हिशेब मांडून पाहावा. इव्हान्स मरतो. विल्यमला सांगण्याजोगी गोष्ट मिळते, पण ती बापाच्या प्रेताशेजारी उभं राहून. वेड गाडीत चढतो, कारण इव्हान्सचं काम अर्धवट राहिलेलं त्याला चालत नाही. आणि त्याला ते परवडतंही. युमाच्या तुरुंगातून आपण याआधी दोनदा पळालो आहोत, हे त्याने इव्हान्सला सांगितलेलं आहे. गाडी सुटताच तो शीळ घालतो आणि त्याचा घोडा गाडीमागे दौडत निघतो. एकाने सर्वस्व दिलं आणि दुसऱ्याने काही दिवस. ज्या कामासाठी माणूस मेला ते काम पुढच्या आठवड्यात निष्फळ होणार हे चित्रपटाला माहीत आहे, वेडला माहीत आहे आणि मरण्याआधी इव्हान्सलाही माहीत होतं. असा शेवट करणाऱ्या दिग्दर्शकाने कच खाल्ली, असं मला म्हणवत नाही.

ज्यांनी दोन्ही चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी आधी १९५७ चा पाहावा. तो अधिक रेखीव आहे, आणि हॉटेलची खोली त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमलेली नाही. मग २००७ चा पाहावा आणि शक्य असेल तर दुसऱ्यांदाही, या वेळी वेडवरची नजर काढून बेल यांच्यावर ठेवून. नैतिक गुंतागुंतीच्या बाबतीत हा रिमेक मूळ चित्रपटाच्या पुढे गेला आहे, आणि त्याचं मोठं श्रेय बेल यांच्या इव्हान्सला जातं.